हातातली स्टिक का थरथरते? घरी बांधलेल्या जायरोप्लेनचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे निघत नाहीत, सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या खोलीतल्या पंख्यापासून करतो. भाड्याची खोली, जुना पंखा. तीन नंबरपर्यंत शांत, चारवर केला की डुगडुगायला लागायचा. घरमालकांनी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला पाठवलं. तो स्टुलावर चढला, एका पात्यावर चिकटपट्टीने एक रुपयाचं नाणं चिकटवलं, पंखा चालू केला. एकदम शांत! मी थक्क. पैसे घेऊन तो गेला. आठ-दहा दिवसांनी पंखा पुन्हा हलायला लागला, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त. मी स्वतः चढून बघितलं, तर एका पात्याचा स्क्रू अर्धा बाहेर आलेला. म्हणजे पंखा हलत होता तो ढिल्या स्क्रूमुळे, आणि आम्ही नाणं लावून त्याला गप्प बसवलं होतं. स्क्रू मात्र आतल्या आत निघतच होता.

पंखा डोक्यावर पडला नाही, सुदैव. पण आता कल्पना करा, की हाच पंखा सात मीटरचा आहे, तो तुम्ही स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलाय, आणि त्याला लटकून तुम्ही जमिनीपासून तीनशे मीटर वर आहात. हातातली स्टिक थरथरतेय. आता नाणं चिकटवायचं, की स्क्रू शोधायचा?

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. घरी बांधलेले जायरोप्लेन आणि त्यांची थरथर. विषय छोटा वाटतो, पण त्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आधी जायरोप्लेन म्हणजे काय

लहानपणी कागदाची भिंगरी घेऊन पळाला असाल. वारा लागला की ती आपोआप फिरते. जायरोप्लेन म्हणजे डोक्यावर मोठी भिंगरी लावलेलं यान. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवतं. जायरोप्लेनमध्ये उडत असताना इंजिनचा वरच्या रोटरशी काही संबंध नसतो. इंजिन फक्त प्रोपेलर फिरवून यान पुढे ढकलतं, रोटर किंचित मागे कललेला असतो, खालून वर येणारी हवा त्यातून जाते आणि ती त्याला फिरत ठेवते. इंजिन बंद पडलं तरी यान खाली येताना रोटर फिरतच राहतो, त्यामुळे ते दगडासारखं कोसळत नाही, हळूहळू उतरतं.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने. जन्म 1895, मुर्सिया. 1919 मध्ये त्याने डिझाइन केलेलं तीन इंजिनांचं विमान वेग कमी झाल्यामुळे स्टॉल होऊन पडलं. त्याच्या डोक्यात बसलं, की वेग कमी झाला तरी पडणार नाही असं काहीतरी हवं. पंख स्थिर असल्यामुळे अडचण आहे ना? मग पंखच फिरते करू.

पात्यांना मोकळीक दिली

सिएर्वाची पहिली तीन यानं नीट उडालीच नाहीत. धावायला लागली की एका बाजूला कलंडायची. का, ते जरा आकड्यांत बघू, कारण पुढची सगळी थरथर याच कारणातून येते.

समजा रोटर सात मीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला 360 फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला सहा. आजच्या एका माणसाच्या जायरोप्लेनला हे आकडे साधारण लागू पडतात. अशा रोटरच्या पात्याचं टोक ताशी सुमारे 475 किलोमीटर वेगाने फिरतं. आता यान ताशी 80 ने पुढे चाललंय. एका बाजूचं पातं पुढे येतंय, त्याच्या टोकाला हवा लागते 555 च्या वेगाने. दुसऱ्या बाजूचं पातं मागे जातंय, त्याला लागते 395 ची. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे टोकापाशी एका बाजूला उचल दुसऱ्या बाजूच्या जवळपास दुप्पट होते. यान कलंडणार नाही तर काय होणार?

गंमत म्हणजे सिएर्वाचं छोटं मॉडेल मात्र छान उडत होतं. फरक एवढाच, की मॉडेलची पाती वेताची, लवचीक होती, आणि मोठ्या यानाची कडक. लवचीक पातं जास्त उचल मिळाली की थोडं वर जायचं, वर जाताना त्याचा हवेशी होणारा कोन कमी व्हायचा, आणि जास्तीची उचल आपोआप कमी व्हायची. त्याला कळलं, की पात्याला वर-खाली व्हायची मोकळीक पाहिजे. मग त्याने प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. दाराला असते तशी, फक्त आडवी. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ हेताफेला त्याचं सी.4 हे यान उडालं. चालवत होता आलेहान्द्रो गोमेझ स्पेन्सर.

इथे अनेक पुस्तकं गोष्ट संपवतात. बिजागरी लावली, प्रश्न सुटला. पण प्रश्न अर्धाच सुटला होता.

पातं वर-खाली व्हायला लागलं की त्याचं वजन फिरण्याच्या अक्षाच्या किंचित जवळ येतं, किंचित लांब जातं. बर्फावर गिरकी घेणारी स्केटर हात जवळ घेते तेव्हा जोरात फिरते, लांब करते तेव्हा हळू. पात्याचंही तेच होतं. प्रत्येक फेरीत त्याला थोडं पुढे पळायचं असतं, मग थोडं मागे राहायचं असतं. वर-खाली व्हायला बिजागरी आहे, पण पुढे-मागे व्हायला नाही. मग हा ताण जातो कुठे? पात्याच्या मुळाशी. सेकंदाला अनेक वेळा, तासन् तास. लोखंडाची तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, अगदी तसं.

फेब्रुवारी 1927 मध्ये इंग्लंडमध्ये हॅम्बल इथे फ्रँक कोर्टनी हा पायलट सिएर्वाचं सी.6सी यान उडवत होता. हवेत असतानाच एक पातं मुळाशी तुटून निघून गेलं. यान कोसळलं. कोर्टनी वाचला. त्यानंतर सिएर्वाने प्रत्येक पात्याला दुसरी, उभी बिजागरी दिली, म्हणजे पात्याला पुढे-मागे व्हायचीही मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी, 18 सप्टेंबर 1928 ला, सिएर्वा स्वतः सी.8 प्रकारचं यान घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला उतरला.

म्हणजे थरथर ही फक्त गैरसोय नव्हती. पातं कुठे अडलंय हे ती सांगत होती. ते ऐकून अडसर काढला, आणि यान खाडी पार करून गेलं.

सिएर्वाचा शेवट सांगायला मला नेहमी जड जातं. वेग कमी झाल्यावर न पडणारं यान बनवण्यात ज्याने आयुष्य घातलं, तो 9 डिसेंबर 1936 ला क्रॉयडनहून उड्डाण करताना कोसळलेल्या एका साध्या प्रवासी विमानात गेला. वय 41.

बिजागऱ्या पुन्हा गेल्या

आता वळण येतं. सिएर्वाचे रोटर छान होते, पण गुंतागुंतीचे. प्रत्येक पात्याला दोन बिजागऱ्या, पुढे-मागे होणं हाताबाहेर जाऊ नये म्हणून डँपर, शिवाय तीन पाती एकमेकांशी जुळवायची कटकट. हे कारखान्यात जमतं. गॅरेजमध्ये हातोडी-पान्याने बांधणाऱ्याला कसं जमणार?

दुसऱ्या महायुद्धात दोन छोटी यंत्रं बनली, दोन्ही बिनइंजिनाची. जर्मनांचं फोके-आखगेलिस एफए 330: पाणबुडीने दोरीला बांधून पतंगासारखं उडवायचं, वर बसलेला माणूस दूरची जहाजं शोधणार. आपल्या हिंदी महासागरातही ते उडलंय. ब्रिटिशांकडे राउल हाफनरचं रोटाश्यूट: विमानातून सैनिक उतरवायची कल्पना होती. युद्ध संपल्यावर रोटाश्यूट अमेरिकेत अभ्यासासाठी पोचलं आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरच्या हाती लागलं. त्याचं नाव इगोर बेन्सेन. जन्म रशियातला, 1917 चा.

बेन्सेनच्या डोक्यात एक हट्ट होता, की सामान्य माणसाला घरी बांधता येईल असं उडणारं यंत्र हवं. 1953 मध्ये त्याने नॉर्थ कॅरोलायनात स्वतःची कंपनी काढली. डिसेंबर 1955 मध्ये त्याचं इंजिनवालं बी-7एम उडालं, आणि 1957 मध्ये बी-8एम. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, बोल्ट, एक खुर्ची, मागे 72 हॉर्सपॉवरचं मॅककुलॉक टू-स्ट्रोक इंजिन, जे मुळात लष्कराच्या सरावासाठीच्या ड्रोनचं होतं, आणि डोक्यावर दोन पात्यांचा लाकडी रोटर. नकाशे विकत मिळायचे, किट मिळायचं. 1962 मध्ये त्याने अशा हौशी लोकांची संघटनाही काढली.

रोटर स्वस्त आणि सोपा करायला बेन्सेनने काय केलं? सगळ्या बिजागऱ्या काढल्या. दोन पाती एका सरळ पट्टीला दोन्ही टोकांना बोल्टने घट्ट बांधली. त्या पट्टीला म्हणतात हब बार. हब बारच्या मधोमध एक आडवा बोल्ट. बस्स. बागेतल्या सी-सॉसारखं. एक पातं वर गेलं की दुसरं खाली. उजवी-डावी उचल समसमान व्हायला एवढं पुरतं. अशी सी-सॉ रचना हेलिकॉप्टरवाल्यांनीही वापरली. अमेरिकेत आर्थर यंगने बेल कंपनीसाठी ती विकसित केली, आणि बेल 47 ला मार्च 1946 मध्ये नागरी प्रमाणपत्र मिळालं.

पण पुढे-मागे होण्याची जी मोकळीक कोर्टनीच्या अपघातानंतर दिली होती, ती यात नाही. मग तो ताण गेला कुठे? गायब तर होणार नाही. सी-सॉ रोटरमध्ये पात्याची मुळं त्यासाठी जाड, मजबूत ठेवतात. आणि उरलेला धक्का हब बारमधून, दांड्यातून खाली उतरतो तो थेट पायलटच्या हातात आणि खुर्चीत. शिवाय छोट्या जायरोप्लेनमध्ये मधे हायड्रॉलिक वगैरे काही नसतं. स्टिक हलवली की पूर्ण रोटर हेड कलतं, आणि हेड हललं की स्टिक हलते. बेन्सेनने उडणं गॅरेजमध्ये आणलं, आणि त्याची किंमत थरथरीच्या रूपाने मोजली. मला हा सौदा योग्यच वाटतो. तो केला नसता तर हजारो लोकांनी उडायचं स्वप्न मासिकातच बघितलं असतं. फक्त हप्ता दर उड्डाणाला भरावा लागतो, हे लक्षात ठेवायला हवं.

एकाची थरथर, दोनाची थरथर

आता आपल्या कामाचं. जुने जायरोवाले थरथर आधी मोजतात: एका फेरीत किती वेळा?

आपल्या उदाहरणात रोटर सेकंदाला सहा फेरे घेतो. थरथर सेकंदाला सहा वेळा असेल, तर ती 'फेरीला एक'. बारा वेळा असेल, तर 'फेरीला दोन'. त्याहून खूप जलद बारीक झिणझिण असेल तर ती बहुतेक इंजिन-प्रोपेलरची, रोटरची नव्हे. नुसत्या या मोजणीने अर्धं निदान होतं.

फेरीला एक म्हणजे दोन पात्यांत काहीतरी वेगळं आहे. एक जड आहे, किंवा एक वरच्या रस्त्याने आणि एक खालच्या रस्त्याने फिरतंय, किंवा दोन्ही मिळून सरळ रेषेत बसलेली नाहीत. हा बांधणीतला दोष. म्हणजे दुरुस्त होतो.

आणि दोष किती लहान असू शकतो बघा. एका पात्याच्या टोकाला फक्त 10 ग्रॅम जास्त आहेत असं समजा. साडेतीन मीटर लांब, सेकंदाला सहा फेरे. हे 10 ग्रॅम हबला ओढतात सुमारे 5 किलोच्या जोराने, आणि ती ओढ सेकंदाला सहा वेळा सगळीकडे फिरते. स्टिक वरण ढवळल्यासारखी गोल फिरायला लागते. किंवा वजन अचूक आहे, पण 25 किलोच्या पूर्ण रोटरचा वजनमध्य फिरण्याच्या अक्षापासून फक्त 1 मिलिमीटर बाजूला आहे. तरी साडेतीन किलोच्या आसपास ओढ. लाकडी पात्यांचा तर वेगळाच त्रास होता: लाकूड दमटपणा पितं, आणि दोन्ही पाती सारखीच पितील याची खात्री नाही. पुढे अ‍ॅल्युमिनियमची आणि फायबरची पाती आली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

त्यात माणसाच्या शरीराची एक खोड. उभ्या दिशेने सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी कंपनं आपल्याला सगळ्यात जास्त जाणवतात. रोटरची 'फेरीला एक' नेमकी तिथेच येते. अर्ध्या तासात माणूस थकतो. थकला की स्टिक घट्ट आवळतो, आणि स्टिक आवळली की हलकेच चालवायचं यंत्र तो झटके देत चालवायला लागतो.

फेरीला दोन मात्र वेगळी. ती दोन पात्यांच्या जातीतच आहे. पाती डावी-उजवी आडवी असतात तेव्हा एकाला 555 ची हवा, दुसऱ्याला 395 ची. पाव फेरीनंतर ती पुढे-मागे रेषेत येतात, तेव्हा दोघांनाही 475 ची. या दोन स्थितींत हवेचा एकूण विरोध सारखा नसतो. आणि एका फेरीत पाती दोनदा आडवी होतात. म्हणून दोन झटके, आणि वेग वाढला की झटके वाढतात. व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमात ह्यूई हेलिकॉप्टर बघितलंय ना? तेही दोन पात्यांचंच, आणि तेही असंच हलायचं. बेलने 1970 च्या दशकात काही मॉडेलांत केबिन खास तुळयांवर टांगून हे हादरे अडवले. तीन पाती लावली तर ही दोनाची थरथर जवळपास मिटते. पण मग पुन्हा बिजागऱ्या, डँपर, आणि जमिनीवर उभ्या यानाला हलवून हलवून मोडणारा ग्राउंड रेझोनन्स नावाचा वेगळा राक्षस. फुकट काही नाही.

दोरा, वजन, चिकटपट्टी

गॅरेजमधल्या लोकांनी फेरीला एकवाल्या थरथरीवर जे उपाय बसवले, ते बघून मला फार आनंद होतो. एकही महाग नाही.

पहिलं काम: काही हात लावायच्या आधी सगळे बोल्ट, बेअरिंग, सांधे हलवून बघा. कुठे खेळ आहे का? ढिल्या सांध्यावर केलेलं बॅलन्सिंग म्हणजे माझ्या पंख्यावरचं नाणं.

दुसरं, दोरा. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरी ताणतो तसंच. एका पात्याच्या टोकावरच्या खुणेपासून दुसऱ्याच्या टोकावरच्या खुणेपर्यंत दोरा ताणायचा. तो मधल्या केंद्रावरूनच जायला हवा. नाही गेला, तर पाती सरळ रेषेत नाहीत. हब बारचे बोल्ट सैल करून पातं केसभर सरकवायचं, पुन्हा दोरा. सात मीटरवर एक मिलिमीटर शोधायला दोऱ्याइतकं चांगलं हत्यार नाही.

तिसरं, वजन. रोटर मधल्या बोल्टवर तराजूसारखा टांगायचा. बंद जागेत, वारा नको. जे पातं वर जाईल ते हलकं. त्याच्या टोकाला वजन. 10 ग्रॅमची गोष्ट आठवते ना?

चौथं, रस्ता. दोन्ही टोकं फिरताना एकाच उंचीवरून जायला हवीत. टोकांना दोन वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावतात. रोटर फिरवला की कडेने बघणाऱ्याला दोन रंग एकावर एक दिसले तर उत्तम, वर-खाली दिसले तर कुठलं पातं वर आहे ते रंगावरून कळतं. बेन्सेनच्या लाकडी पात्यांना मागच्या कडेला छोटी पत्र्याची पट्टी असायची, ती किंचित वाकवून पातं वर-खाली आणायचे. धातूच्या पात्यांत मुळाशी पातळ शिम घालून कोन बदलतात.

आणि सगळ्यात मोठा नियम: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि थरथर गेली, तर कशामुळे गेली हे कधीच कळत नाही. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर तीन फिक्स एकदम टाकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, हे आपल्यालाही लागू आहे.

उलटी होणारी छत्री

फेरीला दोन पूर्ण मिटवता येत नाही म्हटलं, पण ती उगाचच वाढवणारी एक चूक आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

उडताना पाती सपाट राहत नाहीत. वाऱ्यात छत्री उलटी व्हायला लागते तशी दोन्ही पाती किंचित वर उचलली जातात. उचल त्यांना वर ओढते, आणि फिरण्याचा जोर बाहेर ताणतो. हा ताण साधा नाही. 11 किलोच्या एका पात्याला आपल्या उदाहरणात तो पावणेतीन टनांच्या आसपास येतो. म्हणूनच ते वजनदार यान पातळ पात्यांवर लटकतं आणि पाती फक्त दोन-तीन अंशच वर जातात.

पाती वर गेली की पूर्ण रोटरचा वजनमध्य हब बारच्या काही सेंटीमीटर वर येतो. सी-सॉचा बोल्ट जर हब बारमध्येच असेल, तर रोटर कलला की तो वजनमध्य बाजूला झुलतो, आणि प्रत्येक फेरीत दोनदा धक्का देतो. उपाय सोपा आणि सुंदर: बोल्टच वर घ्यायचा, म्हणजे हब बार बोल्टच्या खाली लटकेल आणि बोल्ट नेमका वजनमध्याच्या उंचीवर येईल. मग कितीही कलो, वजनमध्य जागचा हलत नाही.

मला वाटलं होतं, की जाड पायलट बसला की पाती जास्त उचलली जातील आणि ही उंची चुकेल. तसं होत नाही. वजन वाढलं की जायरोप्लेनचा रोटर आपोआप जोरात फिरायला लागतो, बाहेरचा ताणही त्याच प्रमाणात वाढतो, आणि पात्यांचा कोन जवळपास तोच राहतो. भिंगरी स्वतःच हिशेब जुळवते.

पण पाती बदलली, तर? घरी बांधणाऱ्यांची नेहमीची सवय म्हणजे एकाचा हब, दुसऱ्याची पाती, जे स्वस्तात मिळेल ते. हलकी पाती जास्त उचलली जातात, जड पाती कमी. जुन्या पात्यांसाठी ठरवलेली बोल्टची उंची नव्यांना चालत नाही. मग तो माणूस दोरा लावतो, वजन जुळवतो, रंग बघतो. सगळं बरोबर, तरी यान हलतंच. कारण तो फेरीला एकचे उपाय फेरीला दोनच्या आजारावर करतोय.

दाबायची की ऐकायची?

आता मूळ प्रश्नावर येऊ. वरचं सगळं करूनही थोडी थरथर उरतेच. त्यासाठी लोक दांड्याच्या बुडाशी रबर घालतात, किंवा रोटर हेडला किंचित पुढे-मागे सरकू देणारी रचना बसवतात. म्हणजे सिएर्वाने पात्याच्या मुळाशी दिलेली मोकळीक यांनी खाली, दांड्यापाशी दिली. मला यात शंभर वर्षांचं एक वर्तुळ पूर्ण झालेलं दिसतं. नीट जुळवलेल्या रोटरवर हे रबर म्हणजे चांगली इंजिनिअरिंग आहे.

न जुळवलेल्या रोटरवर तेच रबर म्हणजे नाणं. स्टिक शांत होते, पायलट खूश होतो, आणि वर काय चाललंय ते कोणी सांगायचं? सेकंदाला सहा फेरे म्हणजे तासाला 21,600. शंभर तासांत एकवीस लाखांहून जास्त. प्रत्येक फेरीत धातू थोडा वाकतो, सुटतो. अ‍ॅल्युमिनियमची खोड अशी, की पोलादाला असते तशी 'याच्या खाली कितीही वाकव, तुटणार नाही' अशी खात्रीची मर्यादा त्याला नाही. ते प्रत्येक वळण लक्षात ठेवतं. आणि काल शांत असलेला रोटर आज अचानक थरथरायला लागला, तर त्याचा अर्थ एकच: काल आणि आजमध्ये काहीतरी बदललंय. बोल्ट, बेअरिंग, किंवा पात्यातली चीर. अशा वेळी उतरायचं, आणि सापडेपर्यंत पुन्हा वर जायचं नाही.

केन वॉलिस हा ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी. बेन्सेनच्या यानावरून सुरुवात करून त्याने स्वतःची जायरोप्लेन बनवली. 1967 च्या जेम्स बाँड सिनेमातलं 'लिटल नेली' त्याचंच, उडवणाराही तोच. 1975 मध्ये तो इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या लिडहून स्कॉटलंडच्या उत्तरेला विकपर्यंत न थांबता उडाला, 874 किलोमीटर. छोट्याशा उघड्या यानात इतके तास! स्टिक हात झिणझिण्या आणणारी असती, तर हे शक्य नव्हतं. वॉलिस 2013 मध्ये गेला, वय 97. थरथर गंभीरपणे घेणारी माणसं म्हातारी होतात, एवढाच मी यातून अर्थ काढतो.

आज हे मोजायला लागणारं यंत्र तुमच्या हातात आहे. ज्या फोनवर हे ऐकताय किंवा वाचताय, त्यात कंपनं मोजणारा सेन्सर असतो. सेकंदाला शंभर मोजमापं घेतली, तर सहा आणि बाराची थरथर त्यात सहज वेगळी दिसते. जुन्या लोकांना जे मनगटाने ओळखावं लागायचं, त्याचा आज आलेख काढता येतो.

म्हणून या वेळचा गृहपाठ. गच्चीवर रोटर बांधायला घेऊ नका, आणि चालू पंख्याच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका! वॉशिंग मशीन स्पिनवर असताना फोन हातात घट्ट धरून मशीनच्या झाकणावर टेकवा, कंपनं दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप चालू करा. मशीन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर 10 हर्ट्झपाशी एक ठळक उंचवटा दिसेल. ती तुमच्या मशीनची 'फेरीला एक'. मग कपडे नीट पसरून पुन्हा मोजा. उंचवटा बुटका झाला का बघा.

झाला, तर तुम्ही थरथर दाबली नाहीत. कारण काढलंत.

आणि हो, माझ्या पंख्यावरचं नाणं मी काढून ठेवलंय. स्क्रू आवळल्यावर त्याची गरज पडली नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!